शेजाऱ्याची झोप

रायपूरहून सुमारे १०० किलोमीटर अंतरावर बारनवापारा अभयारण्य आहे. १९७६ साली घोषित झालेल्या, २४५ चौरस किलोमीटर विस्ताराच्या या वनात शहरवासी शांततेच्या ओढीने जातात. अशा सहलीत मुक्कामाची रात्रही शांत असावी, ही अपेक्षा रास्तच होय.

समजा, एका कुटुंबाने एखाद्या खासगी शिबिरात तंबू भाड्याने घेतला आहे. रात्रीचे ११ वाजले, तरी शेजारच्या तंबूबाहेर ध्वनिवर्धक सुरूच आहे. कुटुंबप्रमुख गाऱ्हाणे घेऊन गेले असता, ‘तेही पैसे भरूनच आले आहेत,’ असे तुटक उत्तर कर्मचारी देतो.

हे उत्तर योग्य नाही. भाडे भरल्याने तंबू मिळतो. दुसऱ्याची झोपमोड करण्याचा हक्क मिळत नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वाजविण्यास मनाई आहे. सणासुदीच्या मोजक्या दिवशीच राज्य शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. भाषणस्वातंत्र्याच्या नावाखाली इतरांना बळजबरीने ऐकविता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात स्पष्ट केले.

म्हणून प्रथम शेजाऱ्यास सौम्य शब्दांत सांगावे. न ऐकल्यास व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार द्यावी. त्यानेही दखल न घेतल्यास ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे. तक्रार करताना आपला आवाज चढू देऊ नये. हक्क मागणाऱ्याच्या वाणीतही सौजन्य असावे.

स्वाध्याय : वरील कुटुंबाच्या वतीने व्यवस्थापकास तक्रारपत्र लिहा. दिनांक, वेळ व तंबू क्रमांक नमूद करा.