चिलखत : इस्राएल लोकांतील धातूचें कवच व त्याचा अर्थ

(शास्त्रपाठ : १ शमुवेल १३:१९-२२, १७:४-७, ३८-४०, १ राजे २२:२९-३८, यशया ५९:१४-१७, इफिस ६:५-१७)

चिलखत हा शब्द आमच्या वऱ्हाडांतील मंडळ्यांस नवा नाहीं. सन १६५९ त प्रतापगडाखालीं शिवाजी महाराज अफझलखानास भेटावयास गेले, तेव्हां त्यांच्या अंगरख्याखालीं चिलखत होतें, ही गोष्ट शाळेंत गेलेलें प्रत्येक मूल जाणतें. परंतु त्यामुळेंच शास्त्रांत हा शब्द आला कीं वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढें लोखंडी कड्या गुंफून केलेला सदरा उभा राहतो. दाविदाच्या काळीं तसलें चिलखत नव्हतें. कड्यांचें चिलखत त्यानंतर कित्येक शतकांनीं निघालें. त्या काळचें चिलखत खवल्यांचें असे. लेवीय ११:९ मध्यें माशांच्या खवल्यांस जो इब्री शब्द आहे, तोच गल्याथाच्या चिलखताविषयीं योजिलेला आहे. धातूच्या लहान लहान पट्ट्या करीत, त्यांस भोकें पाडीत, आणि कातड्याच्या किंवा जाड कापडाच्या अंगरख्यावर त्या अशा ओवीत कीं घरावरील कौलांप्रमाणें एकीची कड दुसरीवर यावी. ही धातु पितळ म्हणून वाचण्याचा आपला प्रघात आहे. वस्तुतः तें कांसें, म्हणजे तांबें व कथील यांचें मिश्रण. उन्हाळ्यांत तळपाय चोळावयास घरांत जी कांशाची वाटी असते, तिचीच जात.

गल्याथाच्या चिलखताचें वजन पांच हजार शेकेल सांगितलें आहे. एक शेकेल सुमारें ११ ग्रॅम धरला, तर हें वजन ५५ किलोंहून अधिक होतें. जुन्या मापानें दीड मण म्हणा. अकोल्याच्या वैशाखांतील उन्हांत दीड मणाचें पोतें पाठीवर घेऊन जो उभा राहिला असेल, त्यास ह्या वचनाचें अधिक स्पष्टीकरण नको.

असें चिलखत फार थोड्यांच्या अंगीं चढे. ख्रिस्तापूर्वीं पंधराव्या शतकांत मिसरचा राजा तिसरा थुतमोस ह्यानें मगिद्दो येथें कनानी राजांचा पराभव केला. त्या लुटीची यादी मिसरी लोकांनीं देवळाच्या भिंतीवर कोरून ठेविली आहे. तींत घोडे २०४१ व रथ ९२४ आहेत. चिलखतें मात्र सैन्याचीं २०० आणि दोघां राजांचीं दोन. रथ नऊशें आणि चिलखतें दोनशें! मग पायीं लढणाऱ्या शेतकऱ्याच्या वांट्यास काय येत असेल?

इस्राएलाची स्थिति तर याहूनही हीन होती. १ शमुवेल १३ मध्यें सांगितलें आहे कीं सर्व देशांत लोहार मिळत नसे, कारण इब्री लोकांनीं तरवारी व भाले करूं नयेत अशी पलिष्ट्यांनीं तजवीज केली होती. फाळ, कुदळ, कुऱ्हाड पाजवावयाची असली तरी प्रत्येकास पलिष्ट्यांकडे जावें लागे. येथें २१ व्या वचनांत एक शब्द आहे, ‘पीम’. तो पुष्कळ काळ कोणास उमगेना. सन १६११ च्या इंग्रजी भाषांतरकारांनीं तेथें कानस असा अर्थ केला. पुढें पालेस्टाईनांतील उत्खननांत दगडाचीं लहान वजनें सांपडलीं, त्यांवर हाच शब्द कोरलेला होता. त्यांचें वजन साडेसात ते आठ ग्रॅमांच्या सुमारास भरतें. तेव्हां कळलें कीं पीम म्हणजे फाळ पाजविण्याचा दर, शेकेलाच्या सुमारें दोन तृतीयांशाइतकें रुपें. खेड्यांत ज्याचा वखर मृगाच्या तोंडावर लोहाराच्या दारांत अडून राहिला आहे, त्यास ही अडचण सांगावयास नको. आणि तेथें तर लोहार शत्रूचा! लढाईच्या दिवशीं शौल व योनाथान यांवांचून कोणाजवळ तरवार किंवा भाला नव्हता, असें तोच अध्याय सांगतो.

ह्या पार्श्वभूमीवर शौल दाविदास आपलें चिलखत घालतो. आमचे उपदेशक बंधु पुष्कळदां सांगतात कीं दाविदानें तें तुच्छ मानून फेंकून दिलें. मूळांत असें नाहीं. त्यानें तें अंगावर चढविलें, चालून पाहिलें, आणि ह्यांचा मला सराव नाहीं असें म्हणून उतरविलें. आम्ही एका मंडळींत हा पाठ देत असतां, आयुष्यभर सालदारकी केलेले एक वृद्ध बंधु म्हणाले, “पाळकसाहेब, मालकाचा जोडा पायांत घालून सालदाराला धावतां येईल काय?” आमच्या तयारींत इतका नेमका अर्थ आम्हांस सुचला नव्हता.

चिलखत वापरणें पाप, असें मात्र कोणी शिकवूं नये. उज्जीया राजानें आपल्या सर्व सैन्यास शिरस्त्राणें व चिलखतें पुरविलीं (२ इतिहास २६:१४), आणि नहेम्यानें कोट बांधतेवेळीं अर्ध्या माणसांस तीं घालून उभें केलें. शास्त्र त्यांस दोष देत नाहीं.

अहाबाची गोष्ट निराळी आहे. रामोथ-गिलादाच्या लढाईंत तो वेष पालटून गेला. एका माणसानें सहज धनुष्य ओढलें, आणि बाण चिलखताच्या सांध्यांत शिरला. खवल्यांच्या चिलखतास सांधा ठेवावाच लागतो, नाहीं तर हात हलत नाहीं. पण शास्त्राच्या क्रमाकडे लक्ष द्यावें. ह्याच्या आदल्याच अध्यायांत खोटे साक्षी उभे करून नाबोथाचा द्राक्षमळा घेतला गेला. ती नाबोथाच्या वाडवडिलांची जमीन होती, आणि वेशीजवळच्या वडील मंडळींत त्याच्या बाजूनें कोणी उठलें नाहीं.

आतां यशया ५९ उघडावा. सत्य चव्हाट्यावर अडखळून पडलें आहे. जो वाईट सोडतो तोच लुटला जातो. परमेश्वर पाहतो तों कोणी मध्यस्थ नाहीं. तेव्हां तो स्वतः नीतिमत्त्वाचें चिलखत घालतो व तारणाचें शिरस्त्राण मस्तकीं ठेवितो. अहाबाच्या अंगावरील चिलखतास १ राजे २२:३४ त जो इब्री शब्द आहे, तोच येथें आहे. राजाची ती वस्तु संदेष्ट्यानें परमेश्वराच्या अंगावर पाहिली, आणि तीही नाबोथासारख्यांच्या कैवारासाठीं. चिलखत येथें भीतीनें आपला जीव झांकण्यासाठीं नाहीं.

पौलानें इफिसकरांस लिहितांना हेंच वचन हातीं घेतलें आहे. भिंतीवर रोमी शिपायाचें चित्र टांगून प्रत्येक हत्यार दाखविण्याची आपल्या शब्बाथ शाळांत चाल आहे, व मुलांस तें आवडतेंही; आम्हींही तसेंच शिकविलें. परंतु ‘देवाचें’ चिलखत ह्या शब्दाचा अर्थ त्या चित्रांत सांपडत नाहीं, तो यशयांत आहे. आणि तें कोणास दिलें आहे? सहाव्या अध्यायाच्या पांचव्या वचनापासून पौल दासांशीं बोलत आहे, आणि लगेच दहाव्या वचनापासून सर्वांस चिलखत घ्या असें सांगतो. ज्यांस कोणत्याही राजानें कधीं चिलखत दिलें नसतें, ते दासही त्या सर्वांत आहेत. म्हणून हा पाठ देतांना उपदेशकांनीं आधीं यशया वाचावा, आणि इफिसचें वाचन पांचव्या वचनापासून करावें. दहाव्यापासून आरंभ केला तर ते दास ऐकणाऱ्यांच्या दृष्टीआड राहतात.