पट्टा कोणाच्या हातात?

आईबाबांनो, मुलांचा हट्ट पूर्वी सायकलचा असायचा, मग मोबाइलचा झाला. आता रील्स बघून काही घरांत पिटबुल नाहीतर रॉटवायलर हवा असतो. मुलांना तो ‘भारी’ वाटतो. खरं सांगायचं तर पुष्कळदा बाबांनाही वाटतो!

‘पण त्यावर बंदी आहे ना?’ असं विचाराल. मार्च 2024 मध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवून 23 जातींची आयात, विक्री आणि पैदास थांबवायला सांगितलं होतं. महिनाभरात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. संबंधितांचं म्हणणं न ऐकताच ते काढलं होतं. यादीत नुसतं ‘टेरियर’ असंही लिहिलं होतं. टेरियरमध्ये मांडीवर मावणारी कुत्रीसुद्धा येतात. ब्रिटनमध्ये 1991 पासून चार जातींवर निर्बंध आहेत, तरी 2023 च्या अखेरीस एक्सएल बुलीची भर घालावी लागली. नेदरलँड्सने तर 2008 मध्ये पिटबुलबंदी मागेच घेतली, कारण चावे काही कमी झाले नव्हते.

आपल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 291 मात्र जात विचारत नाही. पाळलेल्या जनावरापासून कुणाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि हे मोठ्यांना विचारलं जाणार, मुलांना नाही.

संध्याकाळी सोसायटीच्या आवारात नजर टाका. चाळीस किलोचा कुत्रा आणि पट्टा सातवीतल्या मुलीच्या हातात. तिचं स्वतःचं वजन तेवढंच! त्याने समोरच्या पोरावर झेप घेतली, तर ती काय करणार? ‘आमचा काही करत नाही हो’ हे गॅलरीतून ओरडून सांगण्यात अर्थ नाही. असा कुत्रा फिरवणं हे तुमचंच काम, ऑफिसातून कितीही दमून आलात तरी. जमणार नसेल तर आणू नका. मूल दोन दिवस रुसेल, रुसू दे.

ज्यांच्या घरी कुत्रा नाही, त्यांनीही एक करा. ओरडा बसेल म्हणून मुलं चावा लपवतात. ‘चावला, ओरबाडलं, तर आधी मला सांग, मी रागावणार नाही,’ हे आजच सांगून ठेवा. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, कुत्रा ओळखीचा असला तरी.