बाळंतिणीच्या दारी



जन्मानंतरचे पहिले २८ दिवस बाळासाठी सर्वांत नाजूक असतात. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी पाठविले आणि तेथील नवजात बालमृत्यू निम्म्याहून अधिक घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने हे काम जगापुढे आणले. आज रुग्णालयातील बाळंतपणानंतर आशाताई ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी घरी येते.

मग आपण काय करावे? आधीचे मूल गमावलेली आई बाळाच्या साध्या शिंकेनेही दचकते. तिला “विसर आता ते” म्हणू नका. “आत येऊ का?” असे विचारा. ती सांगेल तेवढेच ऐका, खोदून विचारू नका. बाळाला तिच्या परवानगीने, हात धुऊनच घ्या. दोन आठवड्यांनंतरही ती उदास असेल, तर डॉक्टरांकडे सोबत जा. बाळ दूध ओढत नसेल, थंड पडले असेल, तर थांबू नका. १०८ ला फोन करा.

आपल्या धर्मग्रामात आज कोण बाळंतीण आहे? या आठवड्यात तिच्याकडे जेवणाचा डबा घेऊन जाऊ या.