तीन नंबरचा सिलिंडर का मरतो?

उन्हाळ्यात एखाद्या गावाच्या कडेला मैदानावर जुन्या गाड्यांचा मेळावा भरला आहे असं कळलं, की आमची चौकडी तिकडे निघते. स्टुटगार्टच्या आसपास राहिलं की हे व्यसन लागतंच. नंबरपाटीच्या शेवटी 'एच' हे अक्षर असेल तर गाडी किमान ३० वर्षं जुनी आणि बऱ्यापैकी मूळ रूपात राखलेली, एवढं माहीत असलं तरी सुरुवातीला पुरे. मर्सिडीज आणि पोर्शेभोवती गर्दी असतेच. तुम्ही मात्र मागचं झाकण उघडून ठेवलेली फोक्सवॅगन बीटल शोधा. जमलं तर दोन शोधा, एक १९७० च्या आधीची आणि एक नंतरची. त्या दोघींमधला एक फरक आज समजून घेऊ. माझ्या मित्राला तो अख्ख्या इंजिनाच्या किमतीला कळला.

बजाजची जुनी स्कूटर आठवते? उजव्या बाजूचं डबडं काढलं की आत इंजिन, त्यावर पत्र्याचं आवरण आणि फ्लायव्हीलवरच बसवलेला पंखा. रेडिएटर नाही, पाणी नाही. पंखा हवा ढकलतो, आवरण ती हवा सिलिंडरच्या पातळ धातूच्या फिन्समधून फिरवतं. बीटल म्हणजे हीच युक्ती, फक्त चार सिलिंडरची. दोन डावीकडे, दोन उजवीकडे, चारही आडवे झोपलेले. मधोमध वर उभा पंखा. तो आणि डायनॅमो एकाच दांड्यावर, आणि त्यांना फिरवणारा पट्टाही एकच. म्हणून बीटलमध्ये चार्जिंगचा लाल दिवा लागला तर आधी गाडी थांबवायची, मग विचार करायचा. पट्टा तुटला असेल तर पंखाही बंद पडलेला असतो.

पाणी का नको होतं? फर्डिनांड पोर्शे यांच्या कचेरीने १९३० च्या दशकात इथेच, स्टुटगार्टमध्ये, ही गाडी आखली. स्वस्त, रात्री उघड्यावर उभी राहणारी आणि कडाक्याच्या थंडीत पाणी गोठून इंजिन न फुटणारी गाडी हवी होती. (ती नाझी राजवटीला हवी होती, आणि युद्धकाळात तिच्या कारखान्यात हजारो लोकांना वेठीला धरून राबवलं गेलं. चकचकीत बीटलभोवती फोटो काढताना हेही माहीत असावं.) सामान्य लोकांना ती मिळाली युद्धानंतरच. २००३ साली मेक्सिकोत शेवटची बीटल बनेपर्यंत एकूण २ कोटी १५ लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या होत्या.

आता थोडं गणित. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात. एक लिटर हवेला लागतात जेमतेम १.२ ज्यूल. म्हणजे तेवढ्याच आकारमानाचं पाणी हवेपेक्षा सुमारे ३,५०० पट उष्णता वाहून नेतं. मग हवेवर भागतं कसं? प्रचंड हवा ढकलून. १५०० सीसीच्या बीटलचा पंखा पूर्ण वेगात सेकंदाला ५०० लिटरांहून अधिक हवा ढकलतो. ५०० लिटर म्हणजे ०.६ किलो हवा, आणि ती एक अंशाने तापली की ०.६ किलोवॅट उष्णता गेली. इंजिन ४४ अश्वशक्तीचं, म्हणजे ३२ किलोवॅटचं. ढोबळमानाने तेवढीच उष्णता हवेने न्यायची असं धरलं, तर हवा ५० अंशांच्या वर तापून बाहेर पडायला हवी. जमण्यासारखं आहे, पण हात राखून फार काही उरत नाही. आत येणारी हवा किती गार आहे, यावर सगळा खेळ.

खरी गोम इथेच आहे. इंजिनाचं तेलही गार करावं लागतं. १९७० पर्यंतच्या गाड्यांमध्ये ऑइल कूलर पंख्याच्या आवरणाच्या आत, डाव्या बाजूला उभा असायचा. त्याच्या बरोबर खाली तीन नंबरचा सिलिंडर. बाकीच्यांना ताजी हवा, आणि याच्या वाट्याला तेलाने आधीच तापवलेली. वर कूलरचा अडथळा, त्यामुळे हवा कमीही. फिन २०० अंशांवर आणि हवा ३० अंशांवर असेल तर फरक १७० अंशांचा. तीच हवा समजा ५० अंशांवर आली, तर फरक १५० उरतो, आणि त्याच फिनमधून साधारण १२ टक्के उष्णता कमी निघते. ती बिचारी जाणार कुठे? सिलिंडर अधिक तापतो, फरक पुन्हा वाढतो आणि नवा तोल साधला जातो, पण वरच्या तापमानाला.

कंपनीला हे ठाऊक होतं. काही डिस्ट्रिब्युटरमध्ये तीन नंबरची ठिणगी मुद्दाम किंचित उशिरा पडेल अशी सोय होती. ठिणगी उशिरा पडली की आतला सर्वोच्च दाब आणि तापमान थोडं खाली राहतं. मला हा उपाय गमतीदार वाटतो. ताप उतरत नाही म्हणून रुग्णाला कमी चालायला सांगण्यासारखा! खरा इलाज १९७१ च्या मॉडेलांपासून आला. ऑइल कूलर मुख्य आवरणाच्या बाहेर, पुढच्या बाजूला हलवला, त्याला स्वतंत्र हवा दिली, पंखाही रुंद केला. या रचनेला इंग्रजी बोलणारे बीटलवाले 'डॉगहाउस' म्हणतात. मेळाव्यात मालकाची परवानगी घेऊन आवरणाच्या पलीकडे, डावीकडे डोकावा. तिथे पत्र्याची वेगळी खोली दिसली, तर डॉगहाउस.

माझा मित्र मूळचा सांगलीचा, गाडी १९६९ ची. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये उल्मच्या रस्त्यावरचा लांबलचक चढ तो चौथ्या गिअरमध्ये, पाय दाबून चढत होता. एक खणखणाट, मग शांतता. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं तुटून पिस्टनवर पडलं होतं. पुढच्या मेळाव्यात ही कथा सुरू केली, तर सत्तरीतले एक गृहस्थ पूर्ण ऐकायच्या आधीच म्हणाले, "तीन नंबर." मग त्यांनी विचारलं, "त्याआधी टॅपेट किती वेळा टाईट सापडले होते?"

मित्र गप्प. दोनदा सापडले होते. दोन्ही वेळा त्याने फिलर गेज घालून गॅप पुन्हा ०.१५ मिलिमीटर केला होता आणि हात पुसले होते.

हे नीट समजून घ्या, कारण तुमची किंवा मित्राची गाडी यात वाचू शकते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता बंद असताना, बैठकीला टेकून, सिलिंडर हेडला देतो. तो फार तापला की त्याचा दांडा हळूहळू ताणला जातो. दांडा लांबला की टॅपेटचा गॅप कमी होतो. गॅप संपला की व्हॉल्व्ह पुरता टेकत नाही, म्हणजे उष्णता द्यायची वाटच बंद. मग तो आणखी तापतो, आणखी ताणतो. गॅप पुन्हा नीट केल्याने हे चक्र काही काळ थांबतं, पण ताणलेला दांडा कमजोर झालेलाच असतो. त्यामुळे एकच टॅपेट वारंवार टाईट सापडला, तर गाडी उभी करून हेड उतरवायचं. तेवढा खर्च नव्या इंजिनापुढे काहीच नाही.

आजोबांचं समाधान झालं नव्हतं. "कूलर सगळ्या जुन्या गाड्यांत तिथेच होता. सगळ्या थोड्याच मेल्या?" असं म्हणत ते गुडघ्यावर बसले आणि नव्या इंजिनाच्या कडेने बोट फिरवू लागले. बीटलमध्ये इंजिनाभोवतीचा पत्रा आणि गाडीची बॉडी यांच्यामध्ये रबराची पट्टी असते. वरची गार हवा आणि खालची, सिलिंडर आणि सायलेन्सरवरून आलेली तापलेली हवा यांना ती वेगळं ठेवते. डाव्या बाजूला त्यांचं बोट आरपार गेलं. वीतभर पट्टी नव्हतीच. तेवढ्या फटीतून पंखा खालची तापलेली हवा पुन्हा वर ओढत होता. नवं इंजिन त्याच फटीशेजारी बसवलं होतं, आणि ऑगस्टमध्ये मित्राला आल्प्स ओलांडून इटलीला जायचं होतं.

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला सुट्या भागांचा बाजार होता. पट्टी एका कॉफीच्या किमतीत मिळाली. बसवायला मात्र दीड तास गेला, कारण ती खाचेत सरकवताना बोटं सोलवटतात आणि साबणाचं पाणी कुणाकडेच नव्हतं. शेवटी शेजारच्या स्टॉलवरून भांडी घासायचा साबण मागून आणला.