नव्या बिऱ्हाडासाठी

सातारा

चि. ओंकार यास,


वाकडला तुम्ही तिघा मित्रांनी बिऱ्हाड थाटलंत आणि मेसचा डबा बंद करून घरी रांधायला लागलात, हे ऐकून फार बरं वाटलं. परवा फोनवर तू म्हणालास की डब्यापेक्षा घरचंच महाग पडतंय. मग तू एकेक सांगत गेलास, त्यावरून माझ्या लक्षात आलं की तुमचा पैसा बाजारात फारसा जास्त जातच नाही, तो सामान घरात आल्यावर जातो. अर्धी जुडी कोथिंबीर सडते, सिलिंडर लवकर संपतो, चांगला शर्ट एका डागापायी बाद होतो. आणलेली वस्तू शेवटपर्यंत कामी लावणं, एवढ्यालाच मी काटकसर म्हणते. पोटाला चिमटा घेणं निराळं, ते तू मुळीच करू नकोस.

आधी पाण्याचं सांगते, कारण तुझ्या दोन तक्रारींचं मूळ तिथे आहे. डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. तुमच्याकडे बोअरचं आणि टँकरचं पाणी येतं ना? नळाच्या तोंडाशी आणि बादलीच्या कडेला पांढरा थर धरत असेल, तर पाणी जड आहे असं समज. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. त्यांच्यामुळे डाळीचा दाणा कडक राहतो, आणि साबणाचा फेस व्हायच्या आत चिकट साका होतो. म्हणून डाळीला पिण्याचं, आरओ फिल्टरचं पाणी घाल. कपड्यांना वडीपेक्षा पावडर बरी. पाणी फारच जड असेल तर बादलीत चमचाभर धुण्याचा सोडा घाल, म्हणजे पावडर कमी लागेल. रेशमी आणि लोकरी कपड्यांना मात्र सोडा लावू नकोस, धागा खराब होतो. ते रिठ्याच्या पाण्यात धुवावेत.

आता कुकर. तू मोठ्या आचेवर आठ-आठ शिट्ट्या करतोस म्हणालास, ते आजपासून बंद कर. शिट्टी होते म्हणजे कुकर जादा वाफ बाहेर टाकतो. आतलं पाणी साधारण 120 अंशांपर्यंत तापतं. त्यापुढे गॅस कितीही मोठा ठेवलास तरी आत उष्णता वाढत नाही, नुसती वाफ स्वयंपाकघरात पसरते. ऑफिसातून आल्यावर हातपाय धुण्याआधी तूरडाळ धुऊन भिजत घाल, अर्धा तास पुरतो. तळाला पाणी, त्यावर डाळीचा डबा, त्यावर भाताचा, आणि भाताच्या डब्यावर झाकणी ठेवून दोन बटाटे. पहिली शिट्टी झाली की गॅस अगदी बारीक कर, दहा-बारा मिनिटांनी बंद कर, आणि कुकर आपोआप पडू दे. तो पडेपर्यंत आत डाळ शिजतच असते, त्या वेळाचा गॅस फुकट मिळतो. घाईने शिट्टी उचलून वाफ सोडलीस की तेवढा गॅस गेला. टोमॅटो, चिंच, कोकम हे डाळ शिजल्यावरच घालायचं, कारण आंबटाने डाळ शिजायला वेळ लागतो. खायचा सोडा घालून डाळ मऊ करायची सवय लावू नकोस, त्याने चव जाते आणि ब जीवनसत्त्वही जातं.

पीसीआरए ही केंद्र सरकारची इंधनबचतीची संस्था 1978 पासून लोकांना हेच सांगत आली आहे: डाळ-तांदूळ भिजवा, झाकण ठेवा, कुकर वापरा. ज्योत पिवळी दिसली की बर्नरची भोकं तुंबली असं समजून ती साफ कर. पिवळ्या ज्योतीने भांडी काळी होतात आणि गॅसही जास्त जातो. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो. नवा लावलास की कालनिर्णयावर त्या तारखेला खूण कर. दोन-तीन सिलिंडरनंतर तुम्हालाच कळेल कुठल्या महिन्यात हात सैल सुटला होता.

साठवणीचं. तिघांच्या घराला घाऊक खरेदी परवडत नाही. पाच किलोचा रवा स्वस्त मिळाला म्हणून आणायचा आणि जाळी लागली म्हणून टाकायचा, यात बचत कुठली? रवा किलोभर आणून कोरडाच भाजून ठेव. तांदूळ-डाळ आणल्यावर फ्रीझरमध्ये जागा असेल तर पिशवी घट्ट बांधून चार दिवस तिथे ठेव, किड्यांची अंडी मरतात. मग पूर्ण कोरड्या डब्यात भर. तळहातावर थोडं एरंडेल घेऊन तूरडाळीला चोळलं तरी ती टिकते. धान्यात बोरिक पावडर किंवा पाऱ्याच्या गोळ्या घालायची पद्धत बऱ्याच घरांत होती, ती तू उचलू नकोस. दोन्ही विषारी आहेत.

कांदे आणि बटाटे एका टोपलीत नकोत, बटाट्याच्या ओलीने कांदे सडतात. बटाटे अंधारात ठेव, उजेडात हिरवे पडतात आणि तो हिरवा भाग खाण्याजोगा नसतो. कोथिंबीर न धुता निवडून कोरड्या कागदात गुंडाळ, मिरच्यांचे देठ काढ. कोथिंबिरीच्या काड्या फेकू नकोस, चटणीत आणि रश्शाच्या वाटणात त्यांचा स्वाद पानांहून जास्त येतो.

दोडका आणलास तर शिरा तासून बाजूला ठेव. लोखंडी तव्यावर थोड्या तेलात त्या मंद आचेवर परतत राहा, हिरवेपणा जाऊन कुरकुरीत व्हायला लागल्या की तीळ, सुकं खोबरं, ठेचलेला लसूण आणि शेवटी तिखट-मीठ घाल. तिखट आधी घातलंस तर जळेल. ही चटणी कोरडी झाली तर दोन-तीन दिवस टिकते. तुझ्या मित्रांना आधी खायला दे आणि कशाची आहे ते मग सांग.

उरलेल्या अन्नाबाबत मी कडक आहे. शिळी पोळी कुस्करून फोडणीला टाक, उरलेलं वरण कणकेत मळून पराठे कर, नासलेल्या दुधाच्या पाण्यात कणीक भिजव. भाताचं मात्र सांभाळून. शिजलेला भात रात्रभर ओट्यावर राहिला तर त्यात जे विष तयार होतं, ते पुन्हा गरम करूनही जात नाही. भात शिजल्यापासून दोन तासांच्या आत तो फ्रिजमध्ये जायला हवा, आणि दुसऱ्या दिवशी एकदाच गरम करून संपवायला हवा. ओट्यावर विसरलेला भात टाकून दे. डॉक्टरची फी त्या भाताच्या कितीतरी पट होते.

कपड्यांत सगळ्यात जास्त पैसा वाचतो तो डाग वेळेवर काढण्यात. दूध, अंडं, रक्त यांचे डाग नेहमी गार पाण्यात, गरम पाण्याने ते धाग्यात पक्के बसतात. तेलाच्या डागाला भांड्यांचा साबण. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो आणि माणूस घाबरतो. घाबरू नकोस, साबण लावून धू आणि ओलाच कपडा कडक उन्हात टाक. हळदीच्या रंगाला ऊन सोसत नाही, एक-दोन उन्हांत तो उडून जातो. बाकीचे रंगीत कपडे मात्र उलटे करून सावलीतच वाळव, कारण तेच ऊन त्यांच्याही रंगावर येतं.

कॉलर आणि बाह्यांच्या कडांना साबण चोळून पाव तास ठेव, मग मशीनमध्ये टाक. मशीन पूर्ण भरल्याशिवाय लावायचं नाही, पण वर हात जाईल इतकी जागा सोडायची. आपल्याकडे रोजच्या कपड्यांना गरम पाण्याची गरज नसते. पावडर जास्त घातली म्हणून कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत, फेस काढायलाच दोन वेळा पाणी जातं. शेवटच्या खळबळीचं पाणी बादलीत धरून फरशी पुसा. पावसाळ्यात घामाचे कपडे टोपलीत कोंबू नकोस, आधी दोरीवर वारा लागू दे, नाहीतर बुरशीचे डाग पडतात आणि ते सहजी निघत नाहीत.

हे सगळं एकट्याने ओढू नकोस. तिघांनी कामं वाटून घ्या आणि दर आठवड्याला बदला. एकच जण रांधणार आणि दुसरे दोघं टाकणार, अशा घरात बचत होत नाही.

आणखी एक, आणि हे पत्र वाचून झाल्या झाल्या कर. गॅसच्या शेगडीची रबरी नळी दर पाच वर्षांनी बदलावी लागते. फ्लॅटबरोबर शेगडीही घरमालकाचीच मिळाली ना? नळीवरची तारीख बघ. मुदत संपलेली असेल किंवा तारीखच दिसत नसेल, तर एजन्सीला सांगून आयएसआय खुणेची नवी नळी बसवून घे, आणि बसवलीस की मला फोन कर.

तुझी,
मालूमावशी