जाहिरातीतला 'हिरवा' शब्द आणि आपला फड
(ऊस विकास विभागाकडून)



लावण, खोडवा, खते, पाणी या विषयांवर आम्ही या पानातून नेहमीच लिहितो. या खेपेस विषय थोडा निराळा आहे, तो म्हणजे मालाची जाहिरात. "जाहिरात हे बाजारातल्या लोकांचं काम, आमचा काय संबंध?" असे कोणी म्हणेल. पण संबंध आहे, आणि तो थेट फडापर्यंत येतो.

आजकाल साखरेच्या पुड्यावर, गुळाच्या डब्यावर, काकवीच्या बाटलीवर 'पर्यावरणपूरक', 'नैसर्गिक', 'सेंद्रिय', 'हरित' असे शब्द छापलेले दिसतात. या शब्दांना गिऱ्हाईक दोन पैसे जास्त मोजते. म्हणून खरे-खोटे न पाहता ते छापण्याची टूम निघाली. तिला आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

या सूचनांतील आपल्या कामाचे मुद्दे असे :

१) मोघम शब्द नुसते वापरू नयेत. 'हिरवे', 'नैसर्गिक', 'शुद्ध', 'पर्यावरणपूरक' असे म्हणायचे तर ते कोणत्या अर्थाने, याचा खुलासा सोबत हवा.

२) दावा कशाबद्दल आहे ते सांगावे. संपूर्ण मालाबद्दल, तो तयार करण्याच्या रीतीबद्दल, की नुसत्या वेष्टणाबद्दल? पोते तागाचे असले म्हणून आतली साखर 'पर्यावरणपूरक' होत नाही.

३) पुरावा हवा. प्रमाणपत्र, तपासणीचा अहवाल किंवा शास्त्रीय आधार दाखवता आला पाहिजे, आणि तो गिऱ्हाइकाला पाहता आला पाहिजे. त्यासाठी क्यूआर कोडही चालतो.

४) सोयीचे तेवढेच सांगून गैरसोयीचे झाकू नये.

५) 'अमुक सालापर्यंत करून दाखवू' असे म्हणायचे, तर ते कसे करणार याचा पक्का आराखडा तयार हवा.

आता गुळाचेच उदाहरण घेऊ. आपले काही सभासद गुऱ्हाळाचा गूळ डब्यात भरून शहरात विकतात. समजा, रस निवळायला भेंडी वापरली आणि रंग उजळायला हायड्रॉस घातले नाही. गूळ चांगलाच झाला. पण डब्यावर 'सेंद्रिय गूळ' छापले तर ते खरे ठरेल का? ज्या फडातून ऊस आला, तिथे युरिया पडला असेल, तणनाशक मारले असेल, तर नाही. कढईत रसायन नाही म्हणजे उसात नाही, असे होत नाही. मग काय छापावे? 'रस निवळण्यासाठी भेंडी वापरली आहे, हायड्रॉस वापरलेले नाही', एवढेच. आणि प्रयोगशाळेचा अहवाल जवळ ठेवावा. दावा लहान असला तरी तो टिकतो. 'जैविक भारत' ही खूण छापायची असेल, तर राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे किंवा पीजीएस-इंडियाचे प्रमाणपत्र लागते. राष्ट्रीय कार्यक्रमात हंगामी पिकासाठी २ वर्षे आणि बहुवर्षायू पिकासाठी ३ वर्षे रूपांतराचा काळ धरलेला आहे. एका हंगामात हे होणारे काम नव्हे.

हेच माप साखरेलाही लागू आहे. बगॅसवर बॉयलर चालतो, प्रेसमडचे कंपोस्ट होते, हे कोणताही कारखाना खरेपणाने सांगू शकतो. पण तेवढ्यावर 'आमची साखर हिरवी' म्हटले आणि तोडणीनंतर शिवारात पाचटाचे डोंब उठलेले कोणी पाहिले, तर? चौथा मुद्दा इथेच आडवा येतो. मोठे खरेदीदार आता 'बॉनसुक्रो'सारखी उसाची जागतिक मानके पुढे ठेवतात. त्यांत कारखान्याबरोबर शेतही तपासले जाते. म्हणजे पुड्यावर काय छापता येईल हे शेवटी काडीपेटी हातात घेणारा सभासद ठरवतो.

आणि पाचट राखणे हे काही नुसते जाहिरातीसाठी नाही. एकरी साधारण ३ ते ४ टन पाचट निघते. एक टन पाचटात ४ ते ५ किलो नत्र असते. जाळले की ते बहुतेक हवेत जाते आणि जमिनीचे सेंद्रिय द्रव्यही जाते. "जाळलं की रान स्वच्छ दिसतं," हे खरे. पण स्वच्छ दिसणारे रान भुकेले असते. म्हणून खोडवा ठेवताना बुडख्यांवरचे पाचट बाजूला करून सरीत दाबावे, बुडखे जमिनीलगत छाटावेत आणि दर टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकावेत. ओल टिकते, तण कमी येते, पाण्याची एखादी पाळी वाचते.

यापुढे प्रत्येक सभासदाने एक साधी वही ठेवावी. गट नंबर, लावणीची तारीख, खताची मात्रा व पावती, पाण्याच्या पाळ्या आणि पाचटाचे काय केले, एवढे लिहावे. पाचट दाबल्यावर मोबाईलवर एक फोटो काढून ठेवावा. उद्या कोणी पुरावा मागितला तर हीच वही कामाला येईल.

शेवटी, विकताना जे माप, तेच विकत घेतानाही लावावे. भिंतीवर 'शंभर टक्के सेंद्रिय टॉनिक' रंगवलेले असेल, तर दुकानदाराला विचारावे : यात काय आहे, किती आहे, आणि कोणी तपासले? उत्तर मिळाले नाही तर बाटली तिथेच ठेवून घरी यावे.

पाचट कुजविण्याबाबत व नोंदवहीबाबत काही शंका असल्यास आपल्या गट ऑफिसात शेतकी खात्याच्या कर्मचाऱ्यांना भेटावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी