शेळीचे केस गळतात? आधी कारण ओळखा, मग औषध



पावसाळ्यात शेळ्या गोठ्यात जास्त वेळ बांधून असतात. जमीन ओली, हवा कोंदट, जनावर जनावराला खेटून. त्यामुळे पाऊस ओसरता ओसरता केस गळणे, खाज, खपल्या अशा तक्रारी वाढतात. "ऊन पडलं की जाईल" म्हणून सोडून देऊ नका. खाजेने शेळी नीट चरत नाही, वजन उतरते, दूध घटते, करडू मागे पडते. विकायला नेली तर भावही पडतो.

*कशाने झाले ते असे ओळखा*

1) *खरूज* – डोळ्यांभोवती, नाकावर, कानांवर केस जातात. कातडी जाड होते, खपल्या धरतात. खाज एवढी की शेळी खांबाला, चिऱ्याला अंग घासत राहते.

2) *उवा* – मान आणि पाठीवरचे केस बाजूला सारून उजेडात बघा, हलताना दिसतात. आपल्या कोकण कन्याळच्या काळ्या केसांत कोंडाही लगेच दिसतो.

3) *गजकर्ण* – गोल चट्टे, त्यावर राखेसारखा पापुद्रा, खाज कमी. करडांत जास्त.

4) *मावा* – ओठांवर, तोंडाच्या कडेला खपल्या. हा विषाणूचा आजार, खरजेचे औषध इथे चालत नाही.

5) *खनिजांची कमतरता* – खाज नाही, पण केस राठ आणि विरळ. जस्त कमी पडले तरी असे होते. खनिज मिश्रण सुरू करण्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

*हे करू नका ❌*

• आंब्यावर फवारायचे कीटकनाशक शेळीला लावू नका. ते कातडीतून अंगात जाते, शिवाय शेळी अंग चाटते. विषबाधेने जनावर दगावू शकते.
• गाडीचे जळके ऑइल चोपडू नका. कातडी भाजते, खरजेचे किडे आत राहतातच.
• शेजाऱ्याकडची उरलेली बाटली आणून अंदाजाने टोचू नका. 25 किलोच्या शेळीला आयव्हरमेक्टिनचे 1 टक्क्याचे इंजेक्शन फक्त अर्धा मिलि लागते, तेही कातडीखाली. गाभण आणि दुभत्या शेळीबद्दल डॉक्टरांना आधी सांगा.

*हे करा ✅*

• आजारी शेळी लगेच वेगळी बांधा. तिचे दावे, भांडे वेगळे ठेवा.
• डॉक्टर चट्ट्याच्या कडेची कातडी खरवडून तपासतात. त्यावरून खरूज की दुसरे काही ते कळते.
• खरजेत दुसरा डोस चुकवू नका. पहिल्या इंजेक्शनने किडे मरतात, अंडी मरत नाहीत. ती फुटून नवे किडे येतात, म्हणून साधारण 10 ते 14 दिवसांनी परत टोचावे लागते. बरी दिसली म्हणून थांबलात तर खरूज उलटते.
• सोबतच्या शेळ्यांनाही उपचार लागतो. डॉक्टरांना पूर्ण कळप दाखवा.
• गोठ्यातला जुना पातेरा काढून जाळा, जमीन सुकवून चुना मारा. जमले तर लाकडी किंवा पोफळीच्या पट्ट्यांचा उंच माचा करा.
• औषधानंतर किती दिवस दूध वापरायचे नाही, शेळी कापायला द्यायची नाही, हे विचारून लिहून ठेवा.

*घरच्यांसाठी:* खरूज, गजकर्ण आणि मावा माणसालाही लागतात. हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. पोरांना आजारी करडू मांडीवर घेऊ देऊ नका.

*घरात ससे किंवा गिनीपिग असतील तर:* गिनीपिगच्या अंगात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते खाण्यातूनच द्यावे लागते. ते कमी पडले की केस राठ होतात. रोज ताजा हिरवा पाला, थोडा पेरू द्या. कुत्र्याचे फिप्रोनिल सशाला कधीच लावू नका, ते त्याला विषारी आहे.

आज संध्याकाळी शेळ्या गोठ्यात घेताना प्रत्येकीचे कान आणि नाक एकदा हात लावून बघा. काही दिसले तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा किंवा 1962 या टोल फ्री नंबरवर फोन करा.

हा मेसेज वाडीतल्या शेळीवाल्यांनाही पाठवा. एकाच कातळावर चरणाऱ्या कळपांत एकाने उपचार करून भागत नाही.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, पशुधन सल्ला